साडेचार किलोमीटर, सोपा

ही निळी घ्या. हिची घंटी वाजत नाही,
पण वाजवायला रस्त्यात आहेच कोण?
एखादी हरणी. आणि तिला तुमची चाहूल
तुम्ही निघायच्या आधीच लागलेली असते.
सीट थोडी खाली करते. टेका पाय. हं.

फलकावर लिहिलंय ते खरं आहे: सोपा.
चढ एकच, तोही जुन्या वाळूच्या टेकडीचा;
तिच्यावर पाइन उगवले, आणि आपण कधी
किनारा होतो हे ती विसरून बसली.
मुळं मात्र वाटेवर आडवी येतात,
तिथे हँडल आवळू नका. सैल सोडा.
सायकलला वाट तुमच्यापेक्षा जास्त कळते.

पहिल्या किलोमीटरला मुंग्यांचं वारूळ, छातीइतकं,
सगळं सुयांसारख्या पानांचं. मग दलदल, तिच्यावर फळ्या.
फळ्यांवर चाकं खडखड बोलत जातात,
मधली एक फळी नवी आहे, तेवढी गप्प.
तिथे एक झुडूप, फुलं गळालेलं, वास उग्र,
फार वेळ थांबलात तर डोकं धरतं.
ब्लूबेरी खा, कुणाच्या मालकीच्या नाहीत.

तिसऱ्या किलोमीटरला लोखंडी खांब.
पूर्वी इथून पुढे कुंपण होतं.
गावात समुद्र ऐकू यायचा, रात्री तर उशाशी,
पण पाहायला कागद लागायचा, शिक्क्याचा.
होड्या रानात आणून पालथ्या घातलेल्या;
त्यांच्या पोटाखाली आम्ही लपाछपी खेळलो,
आणि एका वर्षी त्यांच्या फटींतून
रास्पबेरी वर आली.

माझे वडील, आर्ने, ट्रॅक्टर चालवायचे.
दिवसा बटाट्याचं शेत. संध्याकाळी, हुकुमावरून,
किनारा.
कुळव जोडून पाण्याच्या कडेकडेने,
जिथे काहीच पेरायचं नव्हतं तिथे
वाळू भुसभुशीत करायची, एकसारखी, रेघारेघांची,
की सकाळी शिपायांना दिसावं
रात्रीतून कुणाचं पाऊल उमटलं का,
आणि उमटलं तर कुठल्या दिशेला.

कुळवाचा एक दात वाळूत राहिला म्हणून
एकदा ते पहाटेच ट्रॅक्टर घेऊन गेले,
शिपायांच्या आधी. पावलं होती.
डावा पाय किंचित आत वळलेला:
उकु, माझ्या आईचा धाकटा भाऊ,
ज्यानं आदल्याच रविवारी आमचं छप्पर शाकारून दिलं होतं.
पाण्यापर्यंत जाणारी पावलं. येणारी नाहीत.
वडिलांनी कुळव खाली टाकला
आणि आणखी एक फेरी मारली.
घरी येऊन कॉफी प्यायले.

आईला कधीच सांगितलं नाही. ती दर हिवाळ्यात
उकुच्या मापाचे हातमोजे विणत राहिली.
मला सांगितलं ते ऐंशीव्या वर्षी,
तीनचाकीवरून येताना त्याच खांबापाशी
दम खायला थांबले होते, तेव्हा.
मी विचारलं, मग पोचला का तो पलीकडे?
म्हणाले, तुझी चेन करकरतेय, तेल घाल.
मी घातलं. काय करणार.

शेवटी फळ्या संपतात, वाळू लागते, चाक रुततं.
उतरा. सायकल पाइनला टेकवा, कुलूप नको.
बूट काढा. आमच्या बेटाचा हा समुद्र उथळ,
दोनशे पावलं आत गेलात तरी गुडघ्याइतकाच,
आणि थंड, म्हणजे हाडाला लागेल असा.
समोर स्वीडन आहे. दिसत नाही.
लोक तरीही कपाळावर हात धरून बघतात.

परतायची वेळ मी लिहून घेत नाही.
वहीत नुसतं नाव आणि सायकलचा रंग.
जुलैत इथे अकरापर्यंत उजेड असतो,
आणि मी इथेच असते, काही ना काही ठोकत बसलेली.

थांबा जरा. पुढच्या चाकात हवा कमी वाटतेय.
तो पंप द्या इकडे.